माग काढायची वही कशी सुरू करावी

थंडी पडली की कोणी ना कोणी मला हमखास विचारतं, "पुण्याच्या आसपास शिकार कुठे करता येते?" कुठेही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच रुंद आहे. गोळी घालणं तर आलंच. फास लावणं, हाकलत नेणं, आमिष ठेवणं, पक्ष्याचं घरटं विस्कटणं हेही शिकारीतच मोडतं. ससा नि तितरसुद्धा त्यातून सुटलेले नाहीत. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याने सर्वांत जास्त संरक्षण दिलेल्या प्राण्याची शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद. तेव्हा "एखादा ससा मारला तर कोणाला कळतंय" ही बोलणी माझ्यापाशी नकोत.

शिकारीतलं खरं कसब मात्र आजही उजळ माथ्याने करता येतं, ते म्हणजे माग काढणं. रात्री इथून कोण गेलं, कुठून आलं, रमत गेलं की पळत, एकटं होतं की बरोबर पिल्लं होती, हे जमिनीवरून वाचायचं आणि वहीत उतरवायचं. बारा वर्षं मी हे करते आहे. पहिली तीन वर्षं चुकीच्या सल्ल्यांवर वाया गेली, म्हणून हा लेख.

सामान

चौकटीची वही, पेन्सिल, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. बाकी जे काही लोक विकत घ्यायला लावतात ते सहा महिन्यांनी घ्या, तोवर त्याची हौस फिटलेली असेल.

जागा आणि वेळ

मुरूम आणि कातळ सोडून द्या, तिथे हत्ती गेला तरी दिसायचा नाही. पावसाळा सरल्यावर पाझर तलावाची कड, ओढ्याचं आटत चाललेलं पात्र, शेततळ्याचा बांध, बैलगाडीच्या चाकोरीतली पिठासारखी धूळ. ठसे उठतात ते इथे. सुरुवात वेताळ टेकडीवर करा. तिथे कुत्र्यांचेच ठसे ढिगाने मिळतील, आणि सुरुवातीला तेच हवेत. हात बसला की सासवड, जेजुरी, सुप्याकडचे माळ आहेतच. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकाऱ्याचे खूर पाहायला त्याहून सोयीची जागा नाही. इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे, तीही करून पाहा. अभयारण्यात शिरताना परवानगी घ्या आणि वाट सोडू नका.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे गेलात तर उसात पाऊल टाकायचं नाही. दिवसाउजेडीसुद्धा नाही. बिबटीण पिल्लं उसात ठेवते आणि तुमची हौस तिला समजावून सांगता येत नाही.

वेळ उजाडल्यापासूनचे दोन तास. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहा. तिरप्या उन्हात त्याच्या कडांची सावली पडते आणि तो आपणहून दिसायला लागतो. तोच ठसा बाराच्या उन्हात तुम्ही तुडवून पुढे जाल.

ठसा ओळखणं, म्हणजे लगेच न ओळखणं

इथे मी आपटले होते, त्यामुळे इथे जरा थांबते.

बावधनच्या बाजूला आम्ही राहायचो त्या सोसायटीच्या मागेच टेकडी होती. एका जुलैत भिंतीलगतच्या चिखलात मला ठसा दिसला. पट्टी लावली, चांगला १० सेंटिमीटर. चार बोटं. नखं नाहीत. कुठेतरी वाचलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं: नखं दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर मांजरकुळातला. म्हणजे बिबट्याच! फोटो काढला, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोन दिवस मुलं खाली खेळायला उतरली नाहीत. वॉचमनने रात्रपाळीला नकार दिला. तिसऱ्या दिवशी वनरक्षक आले, उकिडवे बसले, अर्धा मिनिट बघितलं आणि मान वर करून म्हणाले, "मॅडम, इथं कोणाकडे मोठं कुत्रं आहे का?"

होतं. तिसऱ्या मजल्यावर, ग्रेट डेन. सोसायटीत मला पुढे कित्येक महिने लोक "आज कोण आलं होतं?" असं विचारून छळायचे.

नखांचा तो नियम अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याचा. लिबलिबीत चिखलात नखांच्या खुणा पाय उचलताच बुजतात, कुत्रा बिबट्या होऊन बसतो. उलट, उतारावर घसरताना बिबट्याही नखं बाहेर काढून जमीन पकडतो, तेव्हा त्याचा कुत्रा होतो. नखं बघा, पण शेवटी बघा.

आधी तळवा बघा, बोटांच्या मागची ती मोठी गादी. मांजरकुळात गादी बोटांच्या मानाने मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. कुत्र्याची गादी लहान, त्रिकोणी. मग बोटं बघा. कुत्र्याची मधली दोन बोटं एका रेषेत, शाळेतल्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. बिबट्याचं एक बोट बाकीच्यांच्या पुढे असतं. आपला डावा हात टेबलावर पालथा ठेवा आणि अंगठा आत दुमडा: चार बोटांत मधलं पुढे आलेलं दिसेल, आणि ते मध्याच्या किंचित उजवीकडे असेल. तसा ठसा दिसला तर तो डावा पाय. हे एकदा हातावर करून बघितलं की पुस्तकातल्या चार आकृत्यांची गरज उरत नाही.

तिसरी खूण मी सगळ्यात जास्त वापरते. बोटांच्या आणि गादीच्या मधल्या रिकाम्या जागेतून फुली काढता येते का ते पाहायचं. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशात फुलीच्या दोन्ही रेघा मोकळ्या जागेतून सुटतात. मांजराच्या ठशात त्या गादीला जाऊन धडकतात.

आता मापाचं. माझे ते १० सेंटिमीटर खोटे नव्हते, पण ते ठशाच्या काठाचं माप होतं. ओल्या मातीत काठ ढासळून बाहेर पसरतो. पाय जिथे टेकला तो तळ मोजायचा, तोही सपाट झाल्या जागेवरून, आणि एकाच पायाचे निदान तीन ठसे मोजून. वनरक्षकांनी तो तळ मोजला तेव्हा तो ८च्याही आत भरला. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर आणि घरच्या बोक्याचा ३ ते ४, त्यामुळे त्या दोघांत गोंधळ होत नाही. मोठ्या जातीचा कुत्रा मात्र थेट बिबट्याच्या मापात येऊन बसतो. पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद, हेही विसरू नका. तरसाच्या बाबतीत हा फरक इतका ठळक असतो की नवख्याला दोन वेगळे प्राणी गेल्यासारखे वाटतात.

म्हणून माझा एकच कडक नियम: नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, तेही पेन्सिलीने, तेही ठशापासून उठून आल्यावर. ठशाशी बसलेले असताना फक्त जे दिसतं ते उतरवा. बोटं किती, गादी कशी, मापं, माती ओली की कोरडी. चित्र खऱ्या मापाचं काढा. चित्रकला येत नसली तरी काढा, कारण काढताना डोळे मोजतात. फोटोत डोळे आळशी होतात. फोटोही घ्या, पण पट्टी शेजारी ठेवून आणि बरोबर वरून, तिरक्या फोटोवरून मला "हे काय आहे?" विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. एकदा नाव मनात आलं की त्या नावाला सोयीचं तेवढंच दिसतं. मला त्या दिवशी चौथ्या बोटाशी एका नखाचा टिंब दिसला होता. मी तो खडा समजून सोडून दिला.

आणि "हा गेल्या महिन्यातलाच बिबट्या" असलं तर लिहूच नका. देशात वाघांची गणती कित्येक वर्षं ठशांवरूनच व्हायची. वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ओडिशात ती पद्धत बसवली आणि १९७२च्या देशव्यापी गणतीत १८२७ वाघ मोजले गेले. पुढे २००५च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा त्या पद्धतीवरचा विश्वास गेला आणि कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो घेणारे कॅमेरे आले. ठशांचे साचे घेऊन वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना एकेक जनावर वेगळं ओळखणं जड गेलं, तिथे आपली काय कथा.

एक ठसा नव्हे, ओळ वाचा

लांडगा की कुत्रा हे एका ठशावरून सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्या नादी लागू नका. मला हे सुप्याच्या माळावर मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर आजोबांनी शिकवलं. मी पट्टी लावून बसले होते.

"काय हुडकताय ताई?"

"लांडगा आहे की कुत्रा, बघते आहे."

त्यांनी ठशाकडे बघितलंसुद्धा नाही. ठसे जात होते त्या बाजूला काठी केली. "कुत्रं असं जातंय व्हय? कुत्रं हितं हुंगंल, तितं मुतंल, माघारी येईल. ह्यो कामावर निगालेला गडी हाय."

खरंच, ओळ सुतात होती, मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडत गेलेला, तीनशे पावलांत एकदाही वळण नाही. तरीही माझ्या वहीत त्या पानावर "लांडगा/कुत्रा" असंच आहे, लांडग्याखाली एक रेघ मारून. आजोबांना मी ते सांगितलं नाही.

ससा सगळ्यांना फसवतो. पळताना त्याचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे नवखा माणूस उलट्या दिशेने चालू लागतो. रानडुकराच्या खुरांमागे दोन जास्तीचे टोचे उठतात. मुंगसाला पाच बोटं. साळिंदर काटे ओढत जातं, धुळीत झाडूने ओरखडे काढल्यासारखं दिसतं. काटा पडलेला मिळाला तर तिथेच राहू द्या. शिंगं, हाडं यांचंही तेच. घरात आणलेली वस्तू आपल्याला सापडली होती हे तुम्ही सिद्ध कसं करणार?

ओळ धरून चालायचं ते उलटं. जुना शिकारी जनावर गेलं त्या दिशेने जायचा, आपण ते जिथून आलं तिकडे जायचं. पाणी कुठे प्यायलं, कुठे लोळलं, कुंपण कुठून ओलांडलं हे सगळं मागेच असतं, आणि तुमच्यामुळे जनावराला उठून पळावं लागत नाही. ताजा माग पुढे काढणं म्हणजे हाकाच, जनावराला हाकलत नेणंच.

ताजेपणा: कडा धारदार आणि ठशात दव पडलेलं नाही, तर पहाटेचा. ठशावर मुंगीची वाट किंवा चिमणीची पावलं उमटली असतील तर रात्रीचा. पावसाचे खड्डे पडले असतील तर पाऊस कधी झाला ते आठवा.

साचा

पहिलं वर्षभर नको. त्यानंतर हौस असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात भुरभुरा (पाणी प्लास्टरमध्ये ओतू नका), दोन वाट्यांना एक वाटी पाणी, ठशाच्या शेजारी ओतून आत वाहू द्या, अर्ध्या तासाने उचला, दोन दिवस वाळू द्या आणि मग ब्रशने माती झाडा. डबा उघडा राहिलेलं प्लास्टर ओल धरतं आणि जन्मात बसत नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबरचा खर्च तुमचा.

जागा कोणाला सांगायची

कोणालाच नाही. फोनमधल्या फोटोत ठिकाणाची नोंद असते, ती काढून टाका. लांडग्याची पिल्लं सापडली तर त्या बाजूला पुन्हा फिरकू नका. फास दिसला, जनावर जखमी दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि स्वतः हात लावू नका.

पान कसं असावं ते विचारतात, म्हणून माझ्या वहीतलं एक जसंच्या तसं देते.

"२३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५. पाझर तलाव, पूर्वेची कड. चिखल घट्ट, वर पापुद्रा धरलेला. चार बोटं, मधली दोन एका रेषेत. दोन नखं स्पष्ट, लांबट. तळ मोजला: लांबी ५.८, रुंदी ४.६. तीन ठसे, तिन्ही पुढचा उजवा. फुली सुटते. ओळ पाण्यापासून बांधाकडे, मधे एकदा थांबून वळलेली. ठशात दव नाही. बांधापलीकडे कठीण जमीन, माग तुटला.

नाव: कोल्हा? वस्ती अर्ध्या किलोमीटरवर, तिथे कुत्री आहेत. पुढच्या रविवारी वस्तीवरच्या कुत्र्यांचे ठसे मोजणे."