पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच?

जुना पीसी असा अडला की लगेच नवा जुळवायला घेऊ नका. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग रॅम (मेमरीची स्टिक) काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने हलकेच पुसा. दोन स्टिक असतील तर एकेकच लावून बघा. पुष्कळदा दुखणं इथेच सापडतं. तारीख-वेळ सारखी मागे जात होती का? मग मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला.

बोर्डवरच्या कपॅसिटरची (छोट्या नळकांड्यांसारख्या भागांची) डोकी फुगलेली दिसली, तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडा. जुन्या पीसीतली डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम आजच्या बोर्डात बसत नाही, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं. कॅबिनेट आणि साटा (केबलने जोडायची) डिस्क तेवढी कामी येते. त्या डिस्कवरचा डेटा आधी यूएसबी अडॅप्टर लावून दुसरीकडे उतरवून घ्या.