116 मापाच्या जुन्या निगेटिव्ह फ्लॅटबेडवर स्कॅन करताना

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या घरगुती स्कॅनरसोबत मिळणारे होल्डर (फिल्म धरणाऱ्या चौकटी) बहुधा 35 मिमी आणि 120 (रुंद रोल फिल्म) या दोनच मापांचे असतात. त्यात न बसणारी निगेटिव्ह कापून बसवण्याचा मोह होतो, पण तो कटाक्षाने टाळावा, कारण तिच्या मापाची चौकट घरी सहज तयार करता येते. कोडॅकने 1899 मध्ये आणलेली आणि 1984 पर्यंत बनवलेली 116 ही फिल्म 70 मिमी रुंद असून तिच्यावरचे चित्र अडीच इंच रुंद व सव्वाचार इंच लांब असते. एप्सन व्ही600 या फ्लॅटबेड स्कॅनरच्या झाकणातील प्रकाशाची पट्टी सुमारे 68 मिमी रुंद असल्यामुळे फिल्मच्या कडा झाकल्या जातात, चित्र मात्र पूर्ण येते.

आधी फिल्म तपासावी. कोडॅकच्या रोल फिल्म 1950 पर्यंत नायट्रेट या ज्वालाग्राही प्लॅस्टिकच्याही असत आणि नायट्रेट झपाट्याने पेट घेते. कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट वा उग्र वासाची झाली असेल, तर ती स्कॅनरवर ठेवू नये. कोकणासारख्या दमट हवेत बुरशी आलेली फिल्म पाण्याने पुसू नये, कारण बुरशीने पोखरलेला थर पाण्यात विरघळतो. ब्लोअरने धूळ उडवावी, एवढेच पुरे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो उंचीला. अशा स्कॅनरचा फोकस बहुधा काचेवर नसून तिच्या किंचित वर असतो आणि प्रत्येक यंत्रात तो थोडा निराळा निघतो. तो शोधण्यासाठी पंधरा सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, खुणांची बाजू खाली करून, प्रकाशपट्टीखाली तिच्या लांबीच्या दिशेने ठेवावी. तिचे शून्याचे टोक काचेला टेकवावे आणि पंधराच्या खुणेखाली 6 मिमीचा आधार द्यावा. याप्रमाणे दर सेंटिमीटरला उंची 0.4 मिमीने वाढते. स्कॅनमध्ये सातच्या आसपासच्या रेघा सर्वांत धारदार दिसल्या, तर आपली उंची 2.8 मिमी होय.

तेवढ्या जाडीचा थर काळ्या माउंट बोर्डाचे (जाड पुठ्ठ्याचे) तुकडे एकमेकांवर चिकटवून करावा आणि त्यात 66 × 110 मिमीची खिडकी कापावी, म्हणजे फिल्मच्या दोन्ही लांब कडांना दोन-दोन मिमी टेकू मिळतो. त्यावर 71 मिमी रुंद खाच असलेला आणखी एक पातळ थर दिला की फिल्म तिरकी होत नाही. मूळ होल्डरच्या वरच्या टोकाला असलेली आडवी मोकळी जागा आपल्या चौकटीतही त्याच ठिकाणी आणि तेवढीच ठेवावी. स्कॅनर प्रकाशाची पातळी तेथे जुळवतो. ती झाकली गेल्यास स्कॅनवर उभे पट्टे येतात.

फिल्म सहसा चकाकी नसलेल्या, म्हणजे इमल्शनच्या (चित्र असलेल्या थराच्या) बाजूकडे वळते. म्हणून ती बाजू खाली ठेवावी, मध्यभागी आलेला फुगवटा वरून अँटी-न्यूटन (किंचित खरखरीत पृष्ठाची) काच ठेवून दाबावा आणि आरशातल्यासारखे उलटे आलेले चित्र नंतर सॉफ्टवेअरमध्ये डावे-उजवे पलटवून घ्यावे. साधी काच वापरल्यास चकचकीत बाजूवर इंद्रधनुषी वलये उमटतात.

सॉफ्टवेअरमध्ये ‘थंबनेल’ या, चित्रे आपोआप ओळखून वेगळी करणाऱ्या पर्यायापुढची खूण काढून टाकावी, कारण ती सोय अशी मापे ओळखत नाही. निवडचौकट चित्राच्या कडांच्या आत आखावी, अन्यथा उघड्या कडेमुळे एक्स्पोजर चुकते. कृष्णधवल फिल्मसाठी 16 बिट ग्रे, टिफ हा फाइलप्रकार आणि 2400 डीपीआय (दर इंचाला बिंदू) ठेवावे. एवढ्यात सुमारे 6 कोटी पिक्सेल मिळतात, तर 6400 वर फाइल सातपट वाढूनही त्या प्रमाणात तपशील वाढत नाही. कृष्णधवल फिल्मवर डिजिटल आइस, म्हणजे अवरक्त किरणांनी धूळ ओळखून पुसणारी सोय, बंदच असावी, कारण अवरक्त किरणांना चांदीचे कण आणि धूळ यांतला फरक कळत नाही.

पोस्टकार्डाएवढ्या 122 मापाच्या निगेटिव्ह व्ही600 वर दोन भागांत घ्याव्या लागतात. पहिल्या भागानंतर एक्स्पोजर बदलू न देता दुसरा भाग घ्यावा आणि दोहोंत बोटभर पट्टा समान ठेवावा, म्हणजे जोड दिसत नाही.