वाडीतल्या नाताळाची तयारी, काय कधी करायचं ते

वसईच्या पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव, सांडोर इकडे ज्यांची थोडीफार का होईना पण वाडी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, खास करून ज्या मुलींचं यंदा पहिलंच नाताळ सासरच्या वाडीत आहे त्यांच्यासाठी. फ्लॅटमधल्या नाताळाची तयारी घर आणि किचन एवढ्यात आटपते, आपल्याकडे केळीला पाणी द्यायचं असतं, म्हशीची धार काढायची असते, फुलं पहाटे खुडून मार्केटला पाठवायची असतात आणि यातलं काहीच नाताळ आहे म्हणून थांबत नाही. त्यामुळे माझा नियम एकच, जे आपल्या हातात नाही ते आधी सुरू करायचं, म्हणजे मुरणं, वाळणं, उगवणं, पिकणं, आणि जे चार माणसं बसली की एका दुपारी होऊन जातं ते मागे ठेवायचं. आणि सगळं अशा हिशोबाने लावायचं की 24 तारखेला दुपारी चारनंतर घरातली एकही बाई चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको. ती पण मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेला, जाणार आहे, तिलाही आंघोळ करून नवीन साडी नेसून शांतपणे निघायचं असतं, हे घरातल्या सगळ्यांनी डोक्यात ठेवायचं.

तर सुरुवात पावसाळा संपल्यावर. ऑक्टोबरात ऊन लागलं की राजेळी केळ्यांची सुकेळी घालायची, आगाशीची सुकेळी सगळ्यांना माहितीच आहेत पण घरची राजेळी असतील तर दोन घड बाजूला ठेवून घरी करा, पूर्ण पिकू द्यायची, सोलायची आणि रोज उन्हात घालायची, रात्री आत घ्यायची कारण दव पडतं, चांगली चिवट आणि तपकिरी झाली की झाली. ही केकमध्ये घालायला एक नंबर. त्याच सुमारास केकची फळं भिजत घालायची, काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, चेरी, संत्र्याची पाकवलेली साल, आल्याचा पाक केलेले तुकडे, सगळं बारीक कापून काचेच्या बरणीत आणि वर रम, फळं बुडतील इतकी. बरणी पूर्ण कोरडी पाहिजे, ओला चमचा घालायचा नाही, आठवड्यातून एकदा हलवायची. सुकेळी मात्र यात आत्ताच घालू नका, ती लगदा होतात, केकच्या आदल्या दोन-तीन दिवसांत घाला. घरात कुणी दारू घेत नसेल किंवा लहान मुलांसाठी वेगळा केक करणार असाल तर ती फळं आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची, रसातली फळं महिनाभर टिकणार नाहीत.

नोव्हेंबरमध्ये अंड्यांकडे लक्ष द्या. गावठी कोंबड्या ह्याच दिवसांत अंडी कमी देतात, एकतर पिसं गाळून नवीन येत असतात आणि दुसरं म्हणजे उजेड कमी पडतो, कोंबडीला भरपूर अंडी घालायला साधारण चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. म्हणून नेमकी केकच्या आठवड्यात अंडी पुरत नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटापासून अंडी साठवायला घ्या, न धुता, टोकाची बाजू खाली करून फ्रीजमध्ये, आणि वर पेन्सिलने तारीख लिहा. जुनी आधी वापरायची. नारळ पाडणाऱ्याला पण आत्ताच सांगून ठेवा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वाडीत त्याला बोलावणं असतं आणि मग तो सापडत नाही. कलकल (काट्यावर वळून तळलेले गोड तुकडे), फुगे (फुगलेल्या पिठाचे तळलेले गोळे), नेवऱ्या (करंज्या), रोझ कुकीज (साच्याने तळलेली फुलं), नाताळच्या सगळ्या फराळाला नारळ लागतो, विकतचं नारळाचं दूध वापरून ती चव येत नाही. फोडलेल्या नारळाच्या करवंट्या फेकू नका, पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, का ते पुढे सांगते.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यामध्ये कधीतरी येतो, त्या दिवशी घरात पुष्पचक्र, म्हणजे हिरव्या पानांचं गोल कडं लावायचं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक पेटवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. हिरवळ विकत आणायची काहीच गरज नाही, वाडीत पानं कमी आहेत का. त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसले की कोण कोण येणार ते कागदावर लिहा, नणंद आणि तिची मुलं, दुबईचे दीर, कॅनडाहून येणारी चुलत बहीण, कोण किती रात्री राहणार, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला शुगर आहे. हा कागद फ्रीजवर लावा. गाद्या-चादरी उन्हात घालणं, घराला रंग असेल तर तो, पाण्याची टाकी साफ करणं ही कामं पुरुषांच्या आणि मोठ्या मुलांच्या नावापुढे लिहा, नाव लिहिलं नाही तर ते काम शेवटी आईच करते.

केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजायचा, उशीर करू नका, फळांचा केक मुरल्याशिवाय खाण्यात अर्थ नाही. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो पिठीसाखर, पाच अंडी आणि अर्धा किलो भिजवलेली फळं. अंडी गावठी असतील तर सहा घ्या, ती लहान असतात. सगळं फ्रीजमधून दोन-तीन तास आधी बाहेर काढून ठेवायचं, थंड अंडं लोण्यात पडलं की मिश्रण फाटतं. रंगासाठी शंभर ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात काळपट होईपर्यंत जाळायची, आच बंद करायची आणि मग लांब हात करून अर्धी वाटी कडकडीत गरम पाणी घालायचं, जोरात उसळतं, मुलांना त्यावेळी किचनबाहेर काढा. गार झाल्यावरच मिश्रणात. दालचिनी, लवंग, जायफळ ताजं कुटून. फळं निथळून थोड्या मैद्यात घोळवून घ्यायची म्हणजे तळाशी बसत नाहीत. आठ इंची डब्याला आतून ब्राऊन पेपरचे दोन थर, आणि ओव्हन 150 डिग्रीवर, साधारण अडीच तास, पण दोन तासांनंतर सळई घालून बघायला लागा कारण प्रत्येक ओव्हन वेगळा. वरून लवकर लाल व्हायला लागला तर वर कागद ठेवायचा.

आता करवंट्या. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा आपल्या आज्या मोठ्या टोपात वाळू घालून त्यावर केकचं भांडं ठेवायच्या, वर जड झाकण आणि झाकणावर निखारे. हे आजही करून बघण्यासारखं आहे, आणि केकच्या दिवशी लाईट गेली तर हाच आधार. करवंटीचे निखारे छान एकसारखे आणि बराच वेळ राहतात. वाळू चाळून, धुऊन, वाळवून आधीच ठेवा, अर्धा तास तापवून घ्या, आणि खालची आच मंद, वरची जास्त, उलटं केलं की बूड करपतं. केक गार झाला की बटरपेपर आणि फडक्यात गुंडाळून डब्यात, दर आठवड्याला वरून दोन चमचे रम. रस घालून केलेला मुलांचा केक मात्र 22-23 तारखेलाच भाजा.

आता नाताळगोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. 1223 मध्ये संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतल्या ग्रेचिओ गावात पहिला नाताळगोठा उभा केला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत होतं, आणि आपण शेतकरी लोक आहोत तर आपल्या गोठ्यात थर्माकोल कशाला हवा. पेंढा आपल्या म्हशीपुढचाच घ्या, छताला झावळ्या, भिंतींना बांबू, जमिनीला माती. शेतं दाखवायला पसरट ताटल्यांमध्ये माती घालून नाचणी पेरा, साधारण 14-15 तारखेला, म्हणजे 24 पर्यंत बोटभर हिरवी होते, मोहरी पेरणार असाल तर 18-19 ला पेरली तरी पुरे. गारठा जास्त असेल तर दोन दिवस आधी. पेरायचं आणि पाणी शिंपडायचं काम घरातल्या सर्वात लहान मुलाला द्या, कोंबड्या वेचून खातात म्हणून ताटल्या उंच ठेवा. बाळ येशू गोठ्यात 24 च्या रात्रीच ठेवायचा, आधी नाही, यावर मी ठाम आहे.

16 तारखेपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, त्या नऊ दिवसांत संध्याकाळी फराळाची कामं धरायची. कलकल पहिली कारण ती डब्यात महिनाभर टिकतात, मैदा, थोडा रवा, अंडं, तुपाचं मोहन आणि नारळाचं घट्ट दूध, पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचं आणि मग सगळ्यांना काटा-चमच्याचा काटा किंवा नवाकोरा कंगवा घेऊन बसवायचं. हे एकटीने करायचं काम नाहीच, एकटीने केलं तर रात्र जाते आणि पाठ जाते, सात-आठ जणं बसली की गप्पांत होऊन जातं आणि आजोबांनासुद्धा येतं. मंद आचेवर तळा, वरून लाल आणि आत कच्ची राहिली की दोन दिवसांत मऊ पडतात. रोझ कुकीजचा साचा नवीन असेल तर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवा, तळताना तो तेलातच चांगला तापला पाहिजे आणि पिठात पाऊणच बुडवायचा, पूर्ण बुडाला तर कुकी सुटत नाही. नेवऱ्या सगळ्यात शेवटी, 22-23 ला, ओल्या खोबऱ्याचं सारण टिकत नाही. कुठे सुकं खोबरं, तीळ आणि रव्याचं सारण करतात ते आधी केलं तरी चालतं.

पेरूचा मौसम असतोच, झाडावरचे पिकलेले पेरू उकडून चाळणीतून काढायचे, बिया वर राहतात, जेवढा गर तेवढीच साखर, एक लिंबू, आणि कडा सुटेपर्यंत हलवत राहायचं. हे फार उडतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि लांब दांड्याचा डाव घ्या. तूप लावलेल्या ताटात थापून पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडा. काजूचं मार्झिपान (काजू-साखरेची साच्यातली मिठाई) करणाऱ्यांनी सुट्टीला आलेल्या मुलींना साच्यांना बसवा, त्यांचे हात नाजूक.

वाडीची कामं याच आठवड्यात मागे पडतात म्हणून वेगळी सांगते. केळीचे घड व्यापाऱ्याला द्यायचे असतील तर 20 च्या आत कापून मोकळे व्हा, घरासाठी वेलची केळ्यांचा एक घड 17-18 ला उतरवून पेंढ्यात पिकायला ठेवा. 23 ला सगळ्या वाडीला भरपूर पाणी, पानवेलीला जास्त लक्ष देऊन, म्हणजे 25 ला कुणाला मोटर चालू करायला जावं लागणार नाही. वैरण दोन दिवसांची कापून ठेवा. 24 आणि 25 ची धार कोण काढणार ते आधीच ठरवा, शेजारच्या वाडीतल्या काकांशी बोलून ठेवलं तर उत्तम, आपण त्यांना गणपतीत मदत करतो तेही आनंदाने येतात. चर्चच्या वेदीसाठी शेवंती आणि सोनचाफा द्यायचा असेल तर मार्केटच्या टोपलीतून उरलेला नाही, पहिला खुडलेला द्या.

आता जेवण. सोरपोतेल आणि इंद्याल (व्हिनेगर घातलेले मांसाचे मसालेदार पदार्थ) 22 लाच करून ठेवायचं, मटण-डुकराची ऑर्डर दहा दिवस आधी द्या. मसाला म्हणजे उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला, त्याची एक बाटली नाताळासाठी न फोडता ठेवलेली असली पाहिजे. व्हिनेगरमुळे हे पदार्थ टिकतात आणि तिसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, सव्वीसला तर आणखी, पण रोज एकदा नीट उकळी आणा आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये. सोरपोतेलचं मांस अगदी बारीक कापायचं, मिक्सरमध्ये फिरवायचं नाही, पोरांना सुरी आणि पाट देऊन बसवा.

फुगे तेवढे ताजेच पाहिजेत. ताडी मिळणार असेल तर सकाळची आणायला 24 ला माणूस पाठवा, नाही तर यीस्ट. मैदा, अंडी, नारळाचं दूध, चवीला साखर-मीठ, पीठ सैलसर, हातातून पिळून गोळा सुटला पाहिजे. थंडीत फुगायला वेळ लागतो म्हणून मिस्साहून आल्यावर भिजवून चुलीच्या उबेला ठेवायचं आणि 25 ला सकाळी तळायचं, फक्त एवढ्यासाठीच त्या दिवशी कढई चढेल. मोठं पातेलं घ्या, पीठ दुप्पट होतं.

शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांची ताटं 24 ला दुपारीच भरा, दिवाळीला त्यांच्याकडून आलेली ताटं-डबे शोधून धुऊन ठेवा, तीच भरून परत जातात. शाकाहारी घरांचं ताट वेगळं, त्यात अंड्याचं काही नको, म्हणजे केक-कलकल नाही, पेरूच्या वड्या, तिळाच्या नेवऱ्या, सुकेळी आणि वाडीतली फुलं. वाटायला मुलांना पाठवा, सायकलवर नको, चालत. 31 च्या रात्री म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला मुलं जुने कपडे आणि पेंढा मागायला येतील, तो म्हशीच्या गोठ्याच्या मागे एका पोत्यात बाजूला काढून ठेवा, नाहीतर गंजीतलाच ओढून नेतील. नाताळगोठा मात्र जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण होईपर्यंत काढायचा नाही, नाचणीला तोपर्यंत रोज पाणी शिंपडत राहा आणि मग ती ताटलीसकट म्हशीपुढे.