फणस की नीरफणस? ओळखताना आणि रांधताना या चुका टाळा

फणसाची तिखट भाजी करायची म्हणून मी एकदा डबाबंद फणस आणला. निथळला, फोडणीवर टाकला, दहा मिनिटांनी चव घेतली तर गोडमिट्ट! डब्यावरचं चित्र तेवढं पाहिलं होतं, बारीक अक्षरं वाचली नव्हती. कोवळा फणस मिठाच्या पाण्यात मिळतो, पिकलेले गरे साखरेच्या पाकात. घटकांत साखर दिसली की तो डबा भाजीचा नाही. मीठ-तिखट वाढवून काही होत नाही, तेही करून झालंय.

ताज्या फळात घोटाळा होतो तो फणस आणि नीरफणसाचा. बाहेरून दोन्ही हिरवे, खरबरीत, आणि कापल्यावर दोन्हींतून चीक येतो. फणस बुंध्याला नि जाड फांद्यांना लागतो, सहज दहा-पंधरा किलोंचा भरतो. नीरफणस फांदीच्या टोकाला लागतो आणि दोन्ही हातांत मावतो. तरीही शंका असेल तर आडवा कापा. फणसात मधोमध पाव म्हणजे जाड दांडा, भोवती आठळीसकट गरे आणि त्यांच्यामधे चिवट तंतू. नीरफणस बहुधा बिनबियांचा, आत बटाट्यासारखा सलग पांढरट गर. रांधायचाही बटाट्यासारखाच: उकडून, भाजून, तळून. पोटभरीचं स्वस्त अन्न म्हणून त्याची रोपं ताहितीहून कॅरिबियन बेटांकडे नेताना १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं होतं. एवढा त्याचा मान!

नीरफणस घट्ट असतानाच चिरा. सालीवर चिकाचे सुकलेले थेंब दिसले की तो तयार झाला म्हणायचं. दाबल्यावर बोट रुतलं तर पिष्टाची साखर झालेली असते. मग काप तळायला गेलात तर कढईत लगदा होतो. तो गोडाच्या पदार्थात ढकला.

फणसाची भाजी शिजतच नाही, ही तक्रार असेल तर फणस जून आहे. आठळीवर कडक पांढरं कवच धरलं असेल तर ती वेगळी काढा, सोला, निराळी उकडा. भाजीला असा फणस हवा, ज्यातून सुरी आठळीसकट विनासायास जाते. चिरण्याआधी सुरीला आणि हातांना तेल लावा. चीक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. आणि मांसाऐवजी फणस घालणार असाल तर सोबत डाळ किंवा कडधान्य असू द्या. रेशे मांसासारखे सुटतात, प्रथिनं मात्र फारच थोडी.

ड्युरियन हे आग्नेय आशियातलं काटेरी फळ फणसासारखं दिसतं, पण ते फणसाचं भाऊबंद नाहीच, ते भेंडी-कापसाच्या कुळातलं. फणसाच्या सालीवर बोथट टोकं, याचे काटे हातात घुसतील असे. जाड हातमोजे घाला आणि सालीवरच्या शिवणीत सुरीचं टोक घालून कप्पे उघडा. फणसाला अशी शिवण नसते.

सीताफळाच्या गोतावळ्यात नावांवर मुळीच जाऊ नका, लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ ही नावं जागोजागी अदलाबदल होतात. साल पाहा. डोळे सुटे सुटे असतील तर सीताफळ, गुळगुळीत लालसर सालीवर जाळीच्या रेघा असतील तर रामफळ, मऊ काट्यांचं लांबट मोठं फळ असेल तर ते आंबटसर आणि सरबताला उत्तम. सीताफळाचा गर उकळला की कडवटतो, म्हणून आटवलेलं दूध पूर्ण गार झाल्यावरच तो त्यात घाला. या सगळ्यांच्या बिया विषारी. मिक्सरमधे एकही जाऊ देऊ नका, गर चाळणीवर हाताने घासून घ्या.

लिची आणि केसाळ सालीचं रांबुतान सोलल्यावर सारखेच दिसतात, पण रांबुतानच्या बीचं सालपट गराला चिकटून येतं आणि दाताखाली लाकडासारखं लागतं. पदार्थात घालायचं असेल तर बीभोवतीचा थर सोडून वरचा गरच कापून घ्या, आणि तोही गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर वास उडून जातो.