खरा शिक्षक आणि खोटा संदेष्टा: पारख करताना या चुका टाळा

येशूने खोट्या संदेष्ट्यांविषयीचा इशारा डोंगरावरील प्रवचनात दिला. ज्या प्रवचनात त्याने क्षमा, प्रार्थना आणि शत्रूवरील प्रीती शिकवली, त्याच प्रवचनाच्या अखेरीस त्याने मेंढरांच्या वेषातील लांडग्यांचा उल्लेख केला. आध्यात्मिक शिक्षकाची पारख करणे हा संशयी स्वभावाचा दोष नसून शिष्यत्वाचाच भाग आहे, हे यावरून उघड होते. तरीही आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) या विषयावर क्वचितच शिकवले जाते, आणि फसवणूक उघडकीस आली की फसलेल्या माणसालाच अविश्वासू किंवा भोळा ठरवून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात फसणारी माणसे बहुतेक वेळा प्रामाणिक आणि प्रार्थनाशील असतात. तीही पारख करतातच, पण चुकीच्या गोष्टीची करतात: शिक्षकाचे सामर्थ्य, आवाज आणि गर्दी पाहतात; त्याची शिकवण, त्याचे घरातले वागणे, त्याचा पैशाचा व्यवहार आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, हे पाहायचे राहून जाते.

चमत्कार झाला म्हणजे माणूस देवाचा, असे समजणे

ही सर्वांत जुनी चूक आहे आणि पवित्र शास्त्राने तिचा समाचारही फार पूर्वी घेतला आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, एखाद्या संदेष्ट्याने दिलेले चिन्ह खरोखर घडून आले, तरी तो लोकांना अन्य दैवतांकडे वळवत असेल तर त्याचे ऐकू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात (मत्तय ७) तर प्रभूच्या नावाने भुते काढणारे आणि पुष्कळ महत्कृत्ये करणारे लोक त्याच्यासमोर उभे आहेत, आणि तो त्यांना म्हणतो की मला तुमची कधी ओळखच नव्हती. त्यांनी केलेली कृत्ये खोटी होती, असे येशू तेथे म्हणत नाही. कृत्ये खरी असली तरी तेवढ्यावरून ती करणाऱ्याचा प्रभूशी संबंध सिद्ध होत नाही, हा त्या वचनाचा रोख आहे.

शिवाय अनेकदा कृत्येच खरी नसतात. अमेरिकेतील पीटर पोपॉफ हा प्रचारक आपल्या सभांमध्ये अनोळखी माणसांची नावे, पत्ते आणि आजार अचूक सांगत असे आणि हे ज्ञान आपल्याला देवाकडून मिळते, असे भासवत असे. सभा सुरू होण्यापूर्वी लोक प्रार्थनेच्या चिठ्ठ्या भरून देत, त्याची पत्नी गर्दीत फिरून त्यांच्याशी बोलत असे आणि मग तीच माहिती रेडिओवरून त्याच्या कानातील छोट्या यंत्रात सांगत असे. १९८६ मध्ये अशी भोंदूगिरी उघडकीस आणणारे जादूगार जेम्स रँडी यांनी या संभाषणाचे ध्वनिमुद्रण मिळवून ते दूरचित्रवाणीवर ऐकवले. पुढच्याच वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली, आणि काही वर्षांनी तो पुन्हा पडद्यावर परतला. त्याला नवे श्रोतेही मिळाले. म्हणून एखाद्या सभेत तुमच्याविषयी नेमके काही सांगितले गेले, तर ही माहिती आपण कोठे लिहून दिली होती, कोणत्या स्वयंसेवकाशी बोललो होतो आणि आपल्या नातेवाइकांनी समाजमाध्यमांवर काय टाकले होते, याचा आधी विचार करावा.

याच चुकीचे सर्वांत घातक रूप औषधे बंद करण्याच्या सल्ल्यात दिसते. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाचे पत्र जरूर सांगते, पण वैद्याला दूर ठेवा असे ते कोठेही सांगत नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घेण्याचा व्यावहारिक उपाय सुचवला, आणि त्रफिमाला तर त्याला मिलेत येथे आजारी अवस्थेत सोडून पुढे जावे लागले. प्रेषितावर आजारी सहकाऱ्याला मागे ठेवून जाण्याची वेळ येत असेल, तर एखाद्या मधुमेही बहिणीला ‘इन्सुलिन घेणे म्हणजे अविश्वास’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? क्षयरोगाची किंवा फिट्सची गोळी थांबवायला सांगणाऱ्या माणसापुढे आणखी पारख करत बसू नये. त्या क्षणी तेथून उठावे आणि रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ या वचनापुढे गप्प बसणे

हिशेब विचारला, शिकवणीविषयी शंका काढली किंवा एखाद्या मुलीच्या तक्रारीचा विषय निघाला, की देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडून नेमलेल्या माणसाला, हात लावू नये हे वचन पुढे केले जाते, आणि देवाचा कोप ओढवेल या भीतीने भली माणसे तोंड मिटतात. या एका वचनाच्या गैरवापराने मंडळ्यांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे बाहेरच्या विरोधाने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे वचन स्तोत्र १०५ मध्ये आणि पहिल्या इतिहासाच्या सोळाव्या अध्यायात येते. तेथे विषय अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा आहे. ते अल्पसंख्य आणि परके असताना राजांनी त्यांना इजा करू नये म्हणून देवाने त्यांचे रक्षण केले, एवढाच त्याचा संदर्भ आहे. दुर्बलांना बलवानांपासून वाचवणारे हे वचन बलवानांच्या संरक्षणासाठी वापरणे म्हणजे ते उलटे करणे होय. दाविदाचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. शौल राजा देवाचा अभिषिक्त आहे म्हणून दाविदाने त्याला ठार मारले नाही, हे खरे. पण एन-गेदीच्या गुहेतून बाहेर पडल्यावर त्याच दाविदाने शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून सर्वांच्या देखत त्याला त्याचा अन्याय सुनावला. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचे पाप सांगितले. अंत्युखियात पौलाने पेत्राला उघडपणे विरोध केला. प्रश्न विचारणाऱ्यांना यांपैकी कोठेही शाप मिळाला नाही.

‘दोष काढू नका’ हे वचनही याच कामी येते. ते मत्तय ७ च्या पहिल्याच ओवीत आहे, आणि खोट्या संदेष्ट्यांपासून जपण्याची आज्ञा त्याच अध्यायाच्या पंधराव्या ओवीत आहे. येशूला पारख नको असती, तर त्याने फळांवरून झाड ओळखण्याची रीत सांगितलीच नसती. आपल्या मराठी परंपरेत पंडिता रमाबाईंचा कित्ता डोळ्यांसमोर आहे: १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर, ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांनाच त्यांनी सिद्धांतांविषयी पत्रांतून निर्भीडपणे प्रश्न विचारले, आणि उपकारांच्या ओझ्याखाली आपला विवेक गहाण ठेवला नाही.

शिक्षकाची परीक्षा घेण्याची यापेक्षा सोपी पद्धत मला माहीत नाही: त्याला एक नम्र, नेमका प्रश्न विचारा आणि उत्तराइतकेच त्याच्या वागण्याकडे लक्ष द्या. ‘मी हे पाहून सांगतो’ असे म्हणणारा माणूस आणि पुढच्या रविवारी व्यासपीठावरून तुमचे नाव न घेता तुमच्यावर प्रवचन देणारा माणूस यांच्यातील फरक लगेच कळतो.

शिकवण तपासणे हे विद्वानांचे काम आहे, असे मानणे

बिरुया या नगरातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि लूकाने त्याबद्दल त्यांचा गौरव केला. ते विद्वान होते असे तो कोठेही म्हणत नाही. पडताळणी करताना एकेक ओवी सुटी न पाहता तिच्या मागचा-पुढचा मजकूर वाचावा, आणि मग मुख्य प्रश्न विचारावेत: येशू ख्रिस्त देहाने आला, क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, हे हा शिक्षक केंद्रस्थानी ठेवतो का? तारण कृपेने मिळते असे तो सांगतो, की ते त्याच्या मंडळीच्या सदस्यत्वावर अवलंबून ठेवतो? शास्त्राहून अधिक वजन तो स्वतःच्या दर्शनांना देतो का?

येशूच्या पुनरागमनाच्या आणि जगाच्या अंताच्या तारखा सांगणाऱ्यांच्या बाबतीत तर एवढाही अभ्यास लागत नाही. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे येशूने स्वतः सांगितले आहे. तरीही अमेरिकेतील रेडिओ प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. ती टळल्यावर त्यांनी २१ ऑक्टोबर सांगितली, आणि तोपर्यंत काही अनुयायांनी आपली आयुष्यभराची बचत या प्रचारावर खर्च केली होती. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, पण गेलेली बचत कोणाला परत मिळणार होती?

शिकवण शुद्ध आहे, म्हणजे जीवनही शुद्ध असेल, असे धरून चालणे

शास्त्र जाणणाऱ्यांकडून होणारी ही चूक आहे. १९४६ मध्ये मद्रास येथे जन्मलेले रवी झकरायस हे ख्रिस्ती विश्वासाचे बुद्धिनिष्ठ समर्थन करणारे जगप्रसिद्ध वक्ते होते, आणि त्यांच्या मूळ शिकवणीत पाखंड शोधूनही सापडले नसते. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी अनेक स्त्रियांशी वर्षानुवर्षे लैंगिक गैरवर्तन केल्याचे त्यातून समोर आले. २०१७ मध्ये एका स्त्रीने आवाज उठवला होता, तेव्हा संस्थेने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. नंतर संचालक मंडळाला तिची माफी मागावी लागली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, पात्रतेची यादी आहे. तीत शिकवण्याची हातोटी एकदाच येते. बाकी सारे त्याच्या संयमाविषयी, घराविषयी, पैशाविषयी आणि बाहेरच्या लोकांमधील त्याच्या नावाविषयी आहे. म्हणून केवळ मोबाईलवर ऐकलेल्या शिक्षकाची पारख आपण पूर्ण केली, असे कोणी समजू नये. त्याच्या घरचे, त्याचे सहकारी आणि त्याच्या हाताखालून निघून गेलेली माणसे काय सांगतात, हे तेथे ऐकू येत नाही.

दानाचा हिशेब विचारणे अश्रद्धा मानणे

आरंभीच्या मंडळीला असा संकोच नव्हता. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषितांविषयी स्पष्ट सूचना आहेत: पाहुणा एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहू शकतो, पण तीन दिवस राहिला तर तो खोटा, निघताना त्याने फक्त भाकर घ्यावी, आणि पैसे मागितले तर तोही खोटा. सिनोपचा श्रीमंत जहाजमालक मार्किअन याने रोमच्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) एवढे मोठे दान दिले होते. जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे तो शिकवू लागला, तेव्हा इ.स. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याची रक्कमही त्याला परत केली. पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली.

विधवेने दिलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांचा, दाखला दानाच्या आवाहनात हमखास दिला जातो. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या प्रसंगाच्या थोडेच आधी येशूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केला आहे, तो भाग मात्र वाचला जात नाही. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि त्याचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. त्यामुळे न्यासाची नोंदणी आहे का, विश्वस्त कोण आहेत, ते सगळे एकाच कुटुंबातील आहेत का आणि दान कोणाच्या खात्यात जमा होते, हे विचारण्यात वावगे काहीच नाही. वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पडद्यावर झळकत असेल, तर हा प्रश्न आजच विचारावा.

अपुरा आणि खोटा यांत फरक न करणे

एकदा पोळलेली माणसे प्रत्येक अनोळखी उपदेशकाला लांडगा ठरवतात, आणि हाही अन्यायच आहे. अपुल्लोस या उपदेशकाला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला आणि त्याने तो स्वीकारला. कॅथलिकाला पेंटेकॉस्टल उपासना परकी वाटेल, पेंटेकॉस्टल माणसाला लिखित प्रार्थना कोरड्या वाटतील; पद्धत वेगळी असणे हा खोटेपणाचा पुरावा नाही.

गुन्ह्याला मंडळीचा अंतर्गत प्रश्न समजणे

मत्तय १८ मधील एकांतात समजावण्याची पायरी भावाभावांतील अपराधासाठी आहे. पीडित मुलीला आरोपी पाळकाच्या खोलीत एकटीला पाठवण्यासाठी ती नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि मंडळीच्या पंचांची बैठक हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी सभागृहाच्या सूचनाफलकावर लावावी. तक्रार करणाऱ्या कुटुंबाला त्या काळात उपासनेला येणे जड जाते, तेव्हा मंडळीच्या वडीलजनांपैकी कोणीतरी त्यांच्या घरी जावे, त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात बसावे आणि न्यायालयाच्या प्रत्येक तारखेला त्यांच्याबरोबर हजर राहावे.