आणा, चवली, पावली : ‘क’ बायनरीत कसा लिहायचा?

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि नाणी होती आणा, चवली (२ आणे), पावली (४), अधेली (८) आणि रुपया (१६). प्रत्येक नाणं आधीच्या नाण्याच्या दुप्पट. बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची पद्धत, समजून घ्यायला मला तरी यापेक्षा सोपं साधन सापडलेलं नाही.

१. घरं आखा. डावीकडून रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. प्रत्येक नाणं फार तर एकदाच वापरायचं. दुसरं लागतही नाही, दोन चवल्या म्हणजे पावलीच की!

२. २१ आणे मोजून द्या. सुरुवात मोठ्या नाण्यापासून. रुपया दिला, उरले ५. अधेली जास्त होते, राहू द्या. पावली दिली, उरला १. चवली नको. आणा दिला, हिशेब मिटला. दिलं तिथं १, नाही तिथं ० : १०१०१. मधली शून्यं खाऊ नका, नाहीतर १११ उरेल, म्हणजे सातच आणे.

३. घरं वाढवा. पाच नाण्यांत ३१ आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम बसते, आणि तीही एकाच रीतीनं. पुढे दुप्पट करत जा : ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८. झाली बारा घरं. यातल्या एकेका घराला बिट म्हणतात.

४. आता अक्षर. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला आहे. ‘क’ चा २३२५. २०४८ दिले, उरले २७७. १०२४ नाही, ५१२ नाही. २५६ दिले, उरले २१. १२८, ६४, ३२ तिन्ही नाहीत. आणि २१ तर मघाशीच दिले! म्हणून ‘क’ = १००१०००१०१०१. ‘ख’ चा क्रमांक २३२६. तो स्वतः करून पाहा, शेवट १०११० असा आला पाहिजे.

५. काना-वेलांटी विसरू नका. त्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. याचा फटका एसेमेसमध्ये बसतो. एका एसेमेसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात; मराठी चिन्हाला साधारणपणे १६ (बारा घरं पुरली तरी डावीकडे शून्यं भरून सोळा करतात), म्हणून ७०. ‘कृपया’ दिसायला तीन अक्षरी, पण क, ऋकार, प, य, काना अशी पाच चिन्हं, म्हणजे ८० बिट.