मोठ्या कुत्र्याला छोट्या बोटीवर चढवायचं आणि उतरवायचं कसं

३५ किलोचा कुत्रा धक्क्यावरून बोटीवर एका उडीत चढतो, आणि ते पाहून मालक निर्धास्त होतो. खरी अडचण उतरताना असते. नुसतं उभं असतानाही कुत्र्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उंचावरून खाली उडी मारली की खांदे, कोपर आणि मनगटं यांच्यावर क्षणभरात त्याच्या कितीतरी पट भार येतो, आणि खाली बहुतेक वेळा ओला धक्का किंवा हलणारी डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, असते. तरुण कुत्रा हे बराच काळ निभावून नेतो आणि मग एक दिवस कडेला येऊन थांबतो, पाऊल पुढे टाकतच नाही. त्याला हट्ट समजू नका. बहुधा त्याला दुखत असतं. म्हणून उतरायची वाट आधी ठरवा. त्या वाटेनं तो चढेलही.

सुरुवात टेपनं मापं घेण्यापासून करा. डेकपासून धक्क्यापर्यंतची उंची मोजा. धक्का तरंगता असेल तर एकदा मोजलं की झालं. पक्का असेल तर पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला अशी दोनदा मोजावी लागेल. डेकपासून डिंगीच्या कडेपर्यंतची उंची, रेलिंगमधल्या फाटकाची रुंदी आणि कुत्र्याच्या छातीचा घेरही लिहून ठेवा. वजन अंदाजानं धरू नका, काट्यावर करा. भिजलेले दाट केस आणि लाइफ जॅकेट यांचे काही किलो वर धरा, कारण उचलायची वेळ येते तेव्हा कुत्रा बहुतेक भिजलेलाच असतो.

फळी

धक्क्यावर ये-जा करायला फळीसारखं दुसरं साधन नाही. सगळं बिनसतं ते लांबीत. उंचीच्या अडीचपट लांबी घ्या: ७० सेंटीमीटर उंचीला पावणेदोन मीटर फळी, म्हणजे चढ साधारण २४ अंशांचा होतो. लांबी उंचीच्या दुप्पट असेल तर चढ ३० अंशांवर जातो, आणि तिथे जड किंवा वयस्कर कुत्रा अर्ध्यात थबकतो. अर्ध्यात थबकलेला कुत्रा मागे वळायला बघतो आणि फळीवरून पडतो तो असाच. रुंदी किमान ४० सेंटीमीटर ठेवा. ५० जमली तर उत्तम.

१२ मिलिमीटरचं मरीन प्लायवुड आणि त्याखाली लांबीच्या दिशेनं उभ्या ठोकलेल्या दोन लाकडी पट्ट्या एवढ्यावर काम भागतं. पट्ट्या आडव्या ठोकल्या तर फळी मधोमध लवते, आणि पायाखालची जमीन लवली की कुत्र्याचा तिच्यावरचा विश्वास उडतो तो उडतोच. वर खरबरीत गालिचा किंवा ईव्हीए फोम चिकटवा आणि दर २५ सेंटीमीटरवर एक सेंटीमीटर उंचीची आडवी पट्टी लावा, म्हणजे उतरताना पंजा अडतो. वाळू मिसळलेला रंग पकड चांगली देतो, पण रोजच्या वापरात पंजांच्या गाद्या सोलतो. तो टाळाच.

बोटीत जागा कमी, म्हणून फळी दुमडती करायची असेल तर बिजागऱ्या कुठे लावता याकडे नीट लक्ष द्या. त्या खालच्या बाजूला, उभ्या पट्ट्यांच्या तळाशी हव्यात. वजन पडलं की दोन्ही अर्ध्यांच्या वरच्या कडा एकमेकींना भिडतात आणि फळी ताठ राहते. बिजागऱ्या वर लावल्या तर पहिल्याच पावलाला फळी मधोमध खाली मिटते. त्या स्क्रूनं नको, आरपार नटबोल्टनं बसवा. सगळा ताण तिथेच येतो.

फळीचं वरचं टोक दोन आखूड दोरांनी डेकवरच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) किंवा रेलिंगच्या खांबाच्या बुडाशी बांधा. खांबाच्या वरच्या टोकाला बांधलं तर खांब वाकतो आणि बुडाशी डेकमधून पाणी झिरपायला लागतं. खालचं टोक मोकळंच ठेवा, त्याला दोन लहान चाकं किंवा रबरी रोलर लावा. बोट पुढे-मागे सरकत असते. दोन्ही टोकं जखडली की फळी पिळवटते आणि निसटते. मधल्या क्लीटवरून एक दोर धक्क्याला ताणून बोट फेंडरांवर, म्हणजे बाजूला टांगलेल्या रबरी उशांवर, टेकवून घेतली की सरकणंही कमी होतं आणि बोट-धक्क्यातली फटही. त्या फटीत पडलेला कुत्रा बोटीच्या आणि धक्क्याच्या मध्ये चिरडू शकतो. कुत्र्याला बाहेर काढण्याआधी हा दोर रोज तपासा.

शिडीच्या भानगडीत पडू नका. पोहणाऱ्या माणसांसाठी मागे लावलेल्या शिडीच्या नळ्यांवर पंजा ठरत नाही. उलट पाय दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकून मोडायची भीती. बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यालगत सपाट ओटा असेल तर मात्र तुमचं निम्मं काम झालं. तिथून डिंगीत उतरायला एकच लहान पाऊल लागतं.

शिकवणी जमिनीवर

फळी पहिल्यांदा अंगणात किंवा मैदानात, सपाट जमिनीवर ठेवा. कुत्रा तिच्यावरून न थांबता ये-जा करायला लागला, मधोमध बसून खाऊ घ्यायला लागला, की एका टोकाखाली वीट सरकवा. मग दोन विटा, मग पायरी. रोज पाच-दहा मिनिटं पुरे. उतरणं चढण्याच्या दुप्पट वेळा करून घ्या, आणि उतरताना खाऊ फळीच्या खालच्या टोकापलीकडे जमिनीवर ठेवा, नाहीतर शेवटच्या अर्ध्या मीटरवर तो उडी मारायला शिकतो.

दोन शब्द पक्के करा, ‘थांब’ आणि ‘चल’. ‘चल’ म्हणेपर्यंत कुठल्याही कडेवरून पाय टाकायचा नाही, हा नियम घरच्या दारापासून लागू करा. बोट बांधायच्या आधीच धक्क्यावर झेप घेणारा कुत्रा सर्वांत जास्त धोक्यात असतो. हाका घरातल्या सगळ्यांनी एकाच शब्दात मारायच्या. एकानं ‘थांब’ आणि दुसऱ्यानं ‘नको’ म्हटलं की त्याचा गोंधळ होतो. आणि ओढायचं नाही. पट्टा ताणला की कुत्रा चारही पाय रोवतो, आणि ती जागा त्याच्या मनात भीतीची जागा होऊन बसते.

पट्टा नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. गळ्यातल्या कॉलरला लावून कुत्रा कडेवरून घसरला तर तो गळफासानं लोंबकळतो. पट्टा दीड मीटरचा, हातात धरलेला. कुठे बांधलेला नको आणि मनगटाला गुंडाळलेला तर मुळीच नको.

लाइफ जॅकेटची मूठ

जॅकेटवरच्या मुठीनं कुत्रा उचलता येतो, असा सर्रास समज आहे. २० किलोच्या पुढे तो विसरा. मूठ आधार द्यायला, दिशा द्यायला आणि पाण्यातून जवळ ओढायला आहे. जॅकेट घेताना छातीखाली रुंद पट्टा आणि पोटाखाली किमान दोन पट्टे पाहा. मुठी दोन असतील तर पाठ आडवी राहते. घालून झाल्यावर मूठ धरून पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम ५ सेंटीमीटर उचला. जॅकेट मानेकडे सरकलं किंवा बगलेत रुतलं तर माप चुकलंय, किंवा पट्टे ढिले आहेत.

हातांनी उचलायचंच झालं तर दोघांनी. एकानं एक हात पुढच्या पायांच्या पुढून छातीखाली घालायचा, दुसऱ्यानं मांड्यांच्या मागून. दोघांचा मोकळा हात पोटाखाली. कुत्र्याची पाठ सतत आडवी. पुढच्या पायांना धरून वर ओढू नका. कुत्र्याचा खांदा शरीराला हाडानं नाही, फक्त स्नायूंनी जोडलेला असतो.

कप्पी आणि झोळी

नांगर टाकून राहणाऱ्या प्रत्येक बोटीवर कुत्र्याला उचलायची एक तयार व्यवस्था हवीच, मग ती वर्षातून एकदाच लागो. पाय दुखावलेला कुत्रा, खवळलेलं पाणी, किंवा जोडीदार किनाऱ्यावर आणि तुम्ही एकटे, यातलं काहीही सांगून येत नाही.

झोळी जाड कॅनव्हासची किंवा ५ सेंटीमीटर रुंद पट्ट्यांची. छातीपासून पोटापर्यंतचा भाग सलग कापडाचा हवा, नुसत्या पट्ट्या बरगड्यांत रुततात. चार पायांसाठी चार जागा, आणि नराच्या बाबतीत मागचा काठ शिश्नाच्या पुढे संपायला हवा. छातीच्या पुढून आणि मांड्यांच्या मागून एकेक बांधपट्टी लावा, म्हणजे घाबरून पुढे-मागे झेपावला तरी निसटणार नाही. झोळीचे पट्टे थेट एका हुकात नेले तर दोन्ही बाजूंनी कुत्रा आवळला जातो. मध्ये सुमारे ४० सेंटीमीटरची नळी आडवी टाकून पट्टे पसरवून घ्या.

तोल पहिल्या खेपेला साधत नाही. कुत्र्याचा गुरुत्वमध्य कोपरांच्या जरा मागे, म्हणजे शरीराच्या मध्यापेक्षा पुढे असतो. हुक अगदी मध्यावर ठेवला की नाक खाली जातं. डेकवरच ५ सेंटीमीटर उचलून पाहा, नाक खाली गेलं तर हुक पुढे घ्या, शेपटीकडची बाजू खाली गेली तर मागे. पाठ आडवी झाली की तिथल्या पट्ट्यावर मार्करनं खूण करून ठेवा. अंधारात, पावसात हीच खूण कामाला येते.

उचलायला चारपदरी कप्पी घ्या, ८ किंवा १० मिलिमीटरचा दोर, म्हणजे हाताला धरायला बरा पडतो. ४० किलोच्या कुत्र्याला हिशेबानं १० किलोचा ओढा लागतो. घर्षण धरून प्रत्यक्षात १२ ते १५ किलो. अडीच मीटर उचलायचं तर चार पदरांना १० मीटर दोर लागतो, वर दोन कप्प्यांमधलं अंतर आणि हातात धरायचं शेपूट, म्हणून १५ मीटर घ्या. खालच्या कप्पीत दोर धरून ठेवणारा जबडा असेल तर सोयीचं, पण केवळ त्याच्यावर विसंबू नका. शेपूट क्लीटवर एक फेरा घालून हातातच ठेवा.

वरची कप्पी बूमला, म्हणजे डोलकाठीला जोडलेल्या शिडाच्या आडव्या दांड्याला, टांगा. मात्र बूमचा सगळा भार टोकाला धरणाऱ्या बारीक दोरावर सोडू नका. मोठ्या शिडाचा हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, बूमला अडकवून ताणून घ्या, म्हणजे वजन डोलकाठीवर जातं आणि बूम फक्त कुत्र्याला बाजूला ढकलायचं काम करते. बूमला पुढे एक आणि मागे एक दोर बांधा. हे दोन दोर विसरले की बोटीच्या पहिल्या हेलकाव्यासरशी बूम झोका घेते, आणि तिच्यासोबत ४० किलोचा जीव रेलिंगवर आपटतो. पहिली चाचणी पाण्यानं भरलेल्या २० लिटरच्या दोन कॅनवर करा. ते साधारण ४० किलो.

प्रत्यक्ष उचलताना एकानं दोर सांभाळायचा आणि दुसऱ्यानं कुत्र्याच्या डोक्याजवळ राहून हात पाठीवर ठेवायचा, हळू आवाजात बोलत राहायचं. पाय हवेत गेले की बहुतेक कुत्रे गप्प लोंबतात. तडफड होते ती पाय रेलिंगला किंवा डिंगीला लागल्यावर. म्हणून रेलिंगच्या वर पुरतं उचलून मगच बाजूला घ्या, आणि पाय टेकल्याबरोबर दोर पटकन सैल करा. जेवल्यानंतर दोन तास तरी उचलणं टाळा, भरल्या पोटाला पट्टा दाबला की कुत्रा ओकतो.

डिंगी

डिंगी बोटीलगत पुढून आणि मागून अशा दोन दोरांनी बांधा. एकाच दोरावरची डिंगी कुत्र्यानं पाय टाकताच बाजूला फिरते आणि तो मधल्या पाण्यात जातो. तळ कडक हवा. मऊ तळाची डिंगी असेल तर प्लायवुडचा तुकडा आणि त्यावर रबरी चटई टाका. आधी माणूस उतरतो, मधोमध खाली बसतो, मग कुत्रा. त्याची जागा मध्यभागी, पायांच्या मध्ये. कडेवर बसू दिलं की तो सवयीनं तिथेच चढतो. डिंगीवरच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेत कुत्र्याला एक पूर्ण माणूस धरा. इंजिन तो बसल्यानंतरच सुरू करा आणि किल कॉर्ड, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी, स्वतःला अडकवा. कुत्र्याचा एक धक्का माणसाला पाण्यात पाडायला पुरतो.

किनाऱ्यावर पुळण लागायच्या आत इंजिन बंद करून वर उचला. माणूस आधी उतरून डिंगीचं पुढचं टोक धरतो, मग ‘चल’. कुणी धरलेलं नसताना कुत्र्यानं झेप घेतली की डिंगी मागे ढकलली जाते आणि उडी वाळूवर न पडता पाण्यात पडते. परतताना पंजे एकेक करून बुचकळून वाळू काढा. वाळू डिंगीच्या शिवणींत बसते आणि रबर झिजवते.

पाण्यात पडला तर

इंजिन न्यूट्रलला, बोट थांबवा, एकजण कुत्र्याकडे बोट दाखवत राहतो, नजर हटवायची नाही. जवळ गेल्यावर इंजिन पूर्ण बंद. हाक मारलीत की कुत्रा थेट तुमच्याकडे, म्हणजे इंजिनच्या पंख्याच्या दिशेनं पोहत येतो. बोटहुक जॅकेटच्या मुठीत अडकवा आणि त्याला बोटीलगत आडवा आणा.

वर घ्यायची सोपी रीत अशी: दीड मीटर बाय दोन मीटरचं जाड जाळं किंवा कॅनव्हास घ्या. त्याची एक कड डेकच्या कठड्याला बांधा, दुसऱ्या कडेची दोन टोकं एकत्र करून हॅलियार्डला. मधला भाग पाण्यात सोडून कुत्र्याला त्यात ओढा आणि हॅलियार्ड विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या चरकावर) घ्या. कुत्रा लोळत वर येतो आणि रेलिंगच्या फाटकातून डेकवर उतरतो. जाळ्याच्या छिद्रांत पंजा अडकणार नाही इतकं ते बारीक हवं. हे सगळं शांत पाण्यात, नांगरावर, कुत्र्याची आवडती पोहण्याची वेळ साधून दोन-तीनदा करून ठेवा, म्हणजे जाळं दिसलं की तो आपणहून त्यात येतो.

झोळी, जाळं आणि हुक वापरानंतर गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी सुकलं की हुकाची स्प्रिंग अडकते आणि तो अर्धवट मिटलेला राहतो. शिवणीचा एखादा टाका उसवलेला दिसला किंवा कापड उन्हानं फिकट होऊन बोटांनी चोळल्यावर भुगा सुटायला लागला, तर त्या झोळीत कुत्र्याला पुन्हा घालू नका.